छायाप्रकाश, चित्रणातील

छायाप्रकाश : सपाट पृष्ठभागावर रेखाटलेल्या वस्तूस घनता, गोलाई व खोली यांचा आभास प्राप्त करून देण्यासाठी उजळ आणि गडद छटांची केलेली योजना. कागद, फलक किंवा भिंत यांना लांबी व रुंदी ही दोनच परिमाणे असतात. बाह्यरेषेने वस्तूचा आकार कळतो. पण वर्तुळ काढले असता ते थाळीचे आहे, चेंडूचे आहे की वाडग्याच्या तोंडाचे आहे, हे केवळ रेषेवरून सांगता येत नाही. त्या वर्तुळात एका बाजूने दुसरीकडे क्रमाने गडद होत जाणारी छटा भरली, की तेच वर्तुळ गोल भासू लागते. यालाच चित्रकारांच्या भाषेत ‘उठाव आणणे’ असे म्हणतात. संस्कृत शिल्पग्रंथांत या क्रियेस ‘वर्तना’ अशी संज्ञा आहे, तर यूरोपीय कलेत ‘किआरोस्कूरो’ ही इटालियन संज्ञा रूढ आहे. ती ‘उजळ’ व ‘काळोखी’ अशा अर्थांच्या दोन शब्दांपासून बनली आहे.

तत्त्व : पृष्ठभाग किती उजळ दिसतो, हे मुख्यतः तो प्रकाशाच्या दिशेकडे किती वळलेला आहे यावर अवलंबून असते. किरण पृष्ठभागावर लंबरूप पडले, तर प्रदीपन सर्वाधिक असते. ते जसजसे तिरपे होत जातात, तसतसा तेवढाच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरतो व उजळपणा घटतो. योहान हाइन्‍रिख लँबर्ट (१७२८–७७) या शास्त्रज्ञाने १७६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा नियम गणिती रूपात मांडला. त्यानुसार प्रदीपन हे किरण व पृष्ठभागाचा लंब यांमधील कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असते. हा कोन ६० अंशांचा असेल, तर प्रदीपन निम्मे होते आणि ९० अंशांचा झाला, की शून्यावर येते. घनाच्या प्रत्येक बाजूचा रोख सर्वत्र एकच असल्यामुळे ती बाजू जवळजवळ एकाच छटेत दिसते व कडेशी छटा एकदम बदलते. चिती, शंकू व गोल यांचा रोख क्रमाने वळत जातो, म्हणून त्यांच्यावरील छटाही क्रमाने बदलते. छटेतील बदल म्हणजे रोखातील बदल, हे या विषयाचे मूलसूत्र होय. पुढचे सर्व तंत्र त्यातूनच निघते.

प्रकाशस्रोत जवळचा असेल, तर अंतराचाही परिणाम होतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की प्रदीपन चौथ्या हिश्श्यावर येते. त्यामुळे समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडात बसलेल्या माणसांपैकी जवळच्याचा चेहरा उजळ, तर मागच्याचा काळोखात बुडालेला दिसतो. सूर्य अतिदूर असल्याने उन्हात असा फरक पडत नाही.

छायेचे घटक : एकाच दिशेने प्रकाशित झालेल्या गोल वस्तूवर सामान्यतः सहा भाग ओळखता येतात : (१) झळाळी, म्हणजे प्रकाशस्रोताचे जवळजवळ सरळ परावर्तन होणारा लहानसा अतितेजस्वी भाग, (२) प्रकाशित भाग, (३) मध्यछटा, म्हणजे किरण तिरपे पडत असलेला प्रदेश, (४) अंगछाया, म्हणजे प्रकाशाकडे पाठ असलेला भाग, (५) परावर्तित प्रकाश, म्हणजे जमीन, भिंत वा शेजारची वस्तू यांवरून उसळून छायेच्या भागात परत आलेला मंद उजेड, आणि (६) पडछाया, म्हणजे वस्तूने किरण अडविल्यामुळे अन्य पृष्ठभागावर पडलेली सावली.

यांपैकी झळाळी व अंगछाया यांतील एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाहणारा जागेवरून हलला, की झळाळीही वस्तूवर सरकते, कारण ती प्रकाश, वस्तू व डोळा या तिघांच्या परस्परस्थितीवर अवलंबून असते. अंगछायेची सीमा मात्र प्रकाश व वस्तू या दोहोंवरच अवलंबून असल्याने ती वस्तूवर जेथल्या तेथेच राहते. मातीच्या माठाचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. म्हणून माठावर झळाळी जवळपास नसते व छटा संथपणे बदलतात. घासलेल्या पितळी तांब्यावर उलट स्थिती असते. तेथे खिडकी, दार, शेजारची फळे यांची वाकडीतिकडी प्रतिबिंबे उमटतात आणि अतिशय उजळ व अतिशय गडद पट्टे एकमेकांस लागून येतात. छटांच्या मांडणीवरून वस्तूचा आकार कळतो, तसाच ती माती आहे की धातू, हेही कळते.

अंगछायेचा सर्वांत गडद पट्टा वस्तूच्या अगदी कडेला नसतो. प्रकाशाची सीमा ओलांडल्यानंतर लगेच, जेथे सरळ प्रकाश संपला आहे व परावर्तित प्रकाश अजून पुरेसा पोचत नाही, तेथे तो असतो. त्यापलीकडे कडेजवळ छाया किंचित उजळते. नवशिके बहुधा कड सर्वांत काळी करतात; त्यामुळे वस्तू गोल न दिसता कागदातून कापून चिकटविल्यासारखी दिसते. याउलट, परावर्तित प्रकाश फार उजळ दाखविला, तर वस्तू पोकळ वा काचेची भासते. छायेतील उजेड कितीही असला, तरी तो प्रकाशित भागातील सर्वांत गडद मध्यछटेपेक्षा मंदच ठेवावा, असा अनुभवाचा दंडक आहे.

पडछायेची भूमिती : पडछायेमुळे वस्तू जमिनीवर टेकलेली आहे की अधांतरी आहे, हे निश्चित होते. टेकलेल्या वस्तूची पडछाया तिच्या तळाला चिकटून निघते. दोहोंत अंतर पडले, की वस्तू तरंगते. वस्तूलगत पडछाया गडद व रेखीव असते आणि दूर जाताना तिच्या कडा विरळ होत जातात. प्रकाशस्रोत बिंदुरूप नसून त्यास विस्तार असतो. त्यामुळे गडद प्रच्छायेभोवती अर्धवट प्रकाशित अशी उपच्छाया तयार होते, हे त्याचे कारण होय.

सूर्यकिरण समांतर मानता येतात. दिव्याचे किरण मात्र एका बिंदूतून फाकतात, म्हणून दिव्याने पडलेली सावली दूर जाताना रुंदावते. यथादर्शनात दिव्याची सावली काढताना दोन बिंदू लागतात : एक दिव्याचा व दुसरा दिव्याच्या बरोबर खालचा जमिनीवरील. पहिल्या बिंदूतून वस्तूच्या शिखरावरून व दुसऱ्यातून तिच्या पायथ्यावरून नेलेल्या रेषा जेथे मिळतात, तेथे सावलीचे टोक असते. वास्तुशास्त्रीय आराखड्यांत संकेताने किरणाची दिशा घनाच्या कर्णाप्रमाणे घेतात. आराखडा व दर्शनी चित्र या दोहोंतही ती ४५ अंशांची दिसते. तिचा क्षितिजपातळीशी खरा कोन सु. ३५ अंश १६ मिनिटे असतो. या संकेतामुळे छज्जा किती पुढे आला आहे, हे त्याच्या सावलीच्या खोलीवरून थेट मोजता येते.

निसर्गात मात्र सावली स्थळ व ऋतू यांप्रमाणे बदलते. परभणी जिल्ह्यातील झरी हे गाव १९ ते १९.५ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. तेथे २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. ४७ अंशांवर असतो व उभ्या काठीची सावली काठीच्या लांबीहून थोडीच कमी भरते. मेच्या मध्याच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट माथ्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असल्यामुळे सावली दक्षिणेला पडते. उत्तर यूरोपात तयार झालेल्या चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकांतील लांब, मऊ सावल्या मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या दुपारला का लागू पडत नाहीत, हे यावरून स्पष्ट होईल. येथे दुपारच्या उन्हात भुवया, नाक व हनुवटी यांखाली आखूड व तीव्र सावल्या पडतात, डोळे काळोखात जातात आणि पांढऱ्या धोतरावर वा चुन्याच्या भिंतीवर जमिनीवरून उसळलेला तांबूस उजेड दिसतो.

माध्यमे व पद्धती : शिसपेन्सिल, कोळसा, खडू, शाई व जलरंग यांनी छायाप्रकाश साधण्याच्या पद्धती भिन्न आहेत. पेन्सिलीने समांतर रेषा जवळजवळ ओढून, त्यांवर दुसऱ्या दिशेच्या रेषांचे जाळे विणून अथवा आडव्या टोकाने सलग छटा देऊन काम करतात. रेषा पृष्ठभागाच्या वळणाबरोबर वळविल्या, तर छटा व दिशा या दोहोंनी मिळून घनता व्यक्त होते. शाईत छटा सौम्य करता येत नाही, म्हणून रेषांची किंवा ठिपक्यांची दाटी कमीअधिक करावी लागते. छापखान्यातील हाफटोन ठशात लहानमोठ्या ठिपक्यांनी हाच परिणाम यांत्रिक रीतीने साधलेला असतो. कोळशाने आधी कागद करडा करून घेऊन खोडरबराने उजेड ‘काढता’ येतो. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असल्यामुळे तो आरंभापासून राखून ठेवावा लागतो.

कोणत्याही माध्यमाची एक मर्यादा आहे. उन्हातील पांढरी भिंत व तिच्या दाराआडचा काळोख यांतील अंतर कोरा कागद व पेन्सिलीची गडदात गडद छटा यांतील अंतराच्या कितीतरी पट असते. त्यामुळे निसर्गातील प्रकाश कागदावर जसाच्या तसा उतरविणे अशक्य असते. उतरवायचे असतात ते छटांमधील परस्परसंबंध. यासाठी चित्रकार डोळे किलकिले करून बारकावे पुसट करतो, सर्वांत उजळ व सर्वांत गडद जागा आधी निश्चित करतो आणि बाकीच्या छटा त्या दोन टोकांमध्ये बसवितो. म्हणून छायांकन ही नक्कल नसून निवड ठरते.

दृष्टी व छाया : छटांवरून घनतेचा बोध होताना पाहणाऱ्याचे मनही काम करीत असते. प्रकाश वरून येतो, असे आपण नकळत गृहीत धरतो. म्हणून वरची बाजू उजळ व खालची गडद असलेले वर्तुळ फुगीर दिसते आणि तेच चित्र उलटे धरले, की खोलगट भासते. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले, की पाहणारा संपूर्ण दृश्यासाठी बहुधा एकच प्रकाशस्रोत मानतो. चित्रात दोन वस्तूंच्या छाया परस्परविरोधी दिशांना काढल्या, तर दृश्य विस्कळीत का वाटते, याचा उलगडा यावरून होतो. याच कारणास्तव नकाशांतील डोंगरांवर वायव्येकडून म्हणजे कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून प्रकाश पडतो असा संकेत आहे. प्रत्यक्षात उत्तर गोलार्धातील बहुतांश भागात सूर्य त्या दिशेस क्वचितच असतो. परंतु छाया खऱ्या दिशेने दाखविल्या, तर पुष्कळांना दऱ्या डोंगरांसारख्या व डोंगर दऱ्यांसारखे दिसू लागतात.

छाया वाचण्याची ही क्षमता ज्ञानाचे साधनही ठरली आहे. १६०९ मध्ये इंग्‍लंडमधील टॉमस हॅरियट व इटलीतील गॅलिलीओ या दोघांनीही दूरदर्शकातून चंद्र पाहून त्याची चित्रे काढली. गॅलिलीओने रेखनकलेच्या परिचयामुळे प्रकाश-काळोखाच्या वेड्यावाकड्या सीमेचा व काळ्या भागातील उजळ ठिपक्यांचा अर्थ ओळखला : ती उगवत्या सूर्याने उजळलेली पर्वतशिखरे होती. १६१० मध्ये त्याने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि चंद्र हा नितळ गोल आहे ही जुनी समजूत डळमळीत झाली.

भारतीय परंपरा : विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ या भागात वर्तनेचे तीन प्रकार सांगितले आहेत : पानावरील शिरांसारख्या रेषांनी होणारी पत्रजा, अतिसूक्ष्म रेषांची आहैरिक आणि ठिपक्यांची बिंदुजा. सपाट पृष्ठावर उंच-सखल भाग दाखविता येणे हे त्यात चित्रज्ञाचे लक्षण मानले आहे. आचार्य रेषेला मान देतात, तर जाणकार वर्तनेची वाखाणणी करतात, असाही अभिप्राय तेथे आढळतो.

या परंपरेचे सर्वोत्कृष्ट उदाहरण अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात रंगविलेल्या क्रमांक १, २, १६ व १७ या लेण्यांतील आकृतींत चेहऱ्याच्या मध्यावर उजळ व कडांकडे गडद होत जाणारा वर्ण, तसेच नाकाचा दांडा, ओठ व हनुवटी यांवर हलके उजळ फटकारे दिसतात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या देहाची गोलाई अशीच साधली आहे. तथापि येथे प्रकाश एका बाजूने येत नाही व आकृतींच्या पडछायाही सामान्यतः आढळत नाहीत. पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळचा भाग उजळ आणि दूर वळणारा भाग गडद, असे हे तत्त्व आहे. अंधाऱ्या विहारात, जेथे दिवा हाती घेऊनच भिंत पाहावी लागे, तेथे एखाद्या काल्पनिक खिडकीतील उजेड रंगविण्यापेक्षा आकृतीला तिचा स्वतःचा उजेड देणे अधिक सुसंगत होते. ही अपुऱ्या ज्ञानाची खूण नसून प्रकाशाविषयीची एक वेगळी धारणा होय.

पुढील लघुचित्रशैलींत रेषा व सपाट रंग यांना प्राधान्य मिळाले. अकबराच्या दरबारी १५८० मध्ये जेझुइट धर्मगुरू आल्यानंतर यूरोपीय मुद्राचित्रांच्या परिचयाने मोगल चित्रकारांनी वस्त्रांच्या चुण्यांत व चेहऱ्यांत सौम्य छायांकन स्वीकारले, परंतु पडछाया बहुधा टाळली. वारली चित्रांत तर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या आकृतींवर छाया मुळीच नसते; तरीही त्यांतील गती व जिवंतपणा यांत काही उणे वाटत नाही.

पाश्चात्त्य परंपरा : इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्सचा अपोलोडोरस हा ‘छायाचित्रक’ म्हणून प्राचीन काळी ख्यातनाम होता. प्रबोधनकाळात मासात्‌चो (१४०१–२८) याने फ्लॉरेन्समधील ब्रांकात्‌ची प्रार्थनामंदिरातील भित्तिचित्रांत प्रत्यक्ष खिडकीच्या दिशेशी जुळणारा प्रकाश योजला. लेओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) याने धुरकट, सीमाविरहित छटांची ‘स्फुमातो’ पद्धती परिणत केली. काराव्हाद्‌जो (१५७१–१६१०) याने तीव्र प्रकाशझोत व गडद काळोख यांतून नाट्य निर्माण केले, तर रेम्ब्रँट (१६०६–६९) याने छाया ही मनोवस्था सुचविण्यासाठी वापरली. चीनच्या दरबारात काम करणारा जूझेप्पे कास्तील्योने (१६८८–१७६६) याने तेथील अभिरुचीनुसार व्यक्तिचित्रांतील चेहऱ्यांवरील छाया जवळजवळ काढून टाकल्या. एका संस्कृतीत जी छाया वास्तव वाटते, ती दुसरीत चेहऱ्यावरील डाग वाटू शकते.

महाराष्ट्रातील वाटचाल : सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी पुण्याच्या दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. तेथे जेम्स वेल्स (१७४७–९५) याच्या सहवासात गंगाराम तांबट यांसारख्या कारागिरांना यूरोपीय रेखनपद्धतीचा परिचय झाला. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून स्थापन झालेल्या कलाशाळेत प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून छायांकित रेखन करणे हा शिक्षणाचा पाया ठरला. त्याच शाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) प्रभृती विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. एका बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात पुतळे रेखाटण्यास शिकलेल्या विद्यार्थ्यांची अजिंठ्याच्या दिशाहीन प्रकाशाशी पडलेली ही गाठ, दोन परंपरांची समोरासमोर भेट होती. यांपैकी पुष्कळशा प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या व नंतर मळवलीस हलविलेल्या मुद्रणालयामुळे छायाप्रकाशाने घडविलेल्या देवदेवता घरोघरच्या भिंतींवर पोचल्या. मूळचे गोव्याचे अंतोनियो झेव्हियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना तर ‘पूर्वेचे रेम्ब्रँट’ असे संबोधण्यात येई. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र या परंपरेतील एक मानदंड आहे. त्यात एका हाती दिवा घेऊन दुसऱ्या हाताने ज्योत जपणारी स्त्री असून तिच्या बोटांतून पाझरलेला तांबूस उजेड चेहऱ्यावर पसरला आहे. हे चित्र जलरंगात आहे, म्हणजे तो उजेड वरून चढविलेल्या पांढऱ्या रंगाचा नसून मुख्यतः राखलेल्या कागदाचा आहे, हे ध्यानात घेतल्यास चित्रकाराच्या संयमाची कल्पना येते. याउलट अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१) व त्यांचे अनुयायी यांनी पाश्चात्त्य छायांकनाकडे पाठ फिरवून रेषेला व मंद रंगलेपांना पुन्हा महत्त्व दिले.

शिक्षण व उपयोग : महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे घेण्यात येणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे वस्तुचित्र व स्थिरचित्र यांचा अभ्यास खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोचला आहे. तथापि परीक्षेच्या तयारीत छायाप्रकाश हा पुष्कळदा ठराविक साचा बनतो. प्रकाश नेहमी डावीकडून, उजवी कड काळी, बोटाने घासून केलेली गुळगुळीत छटा व तळाशी एक लंबगोल पडछाया, अशी चित्रे समोरची वस्तू न पाहताही काढता येतात. अशा सरावाने हात सफाईदार होतो. दृष्टी मात्र जेथल्या तेथे राहते. यावर उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. माठ, तांब्या किंवा पांढऱ्या कागदाची घडी एकाच खिडकीशेजारी ठेवून सकाळी, दुपारी व सायंकाळी तिची तीन चित्रे काढावीत; वस्तू तीच असूनही तिन्ही चित्रे भिन्न येतात, आणि साचा कोठे मोडतो हे विद्यार्थ्याला आपोआप दिसते. यासाठी झरीसारख्या गावातील शाळेची खिडकी ही शहरातील कलाशाळेच्या दालनाइतकीच उपयोगी आहे.

याचा लाभ चित्रकारापुरता मर्यादित नाही. जिंतूर तालुक्यातील चारठाणा किंवा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील मंदिरांवरील शिल्पांत कारागिरांनी खोल कोरीव कडांच्या सावलीचाच रेषेसारखा उपयोग केला आहे. झिजलेले शिलालेख व वीरगळ माध्यान्हीच्या उजेडात कोरे दगड वाटतात. तेच सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षर-अक्षर वाचता येतात, कारण अत्यल्प खोलीच्या खाचेतही तेव्हा सावली साठते. वनस्पती, अस्थी, नाणी व उत्खननातील भांडी यांच्या शास्त्रीय रेखाटनांत छायांकनाने पृष्ठभागाची जी माहिती मिळते, ती पुष्कळदा छायाचित्रापेक्षा स्पष्ट असते. रेखाटणारा अनावश्यक सावल्या गाळून अर्थपूर्ण तेवढ्याच ठेवू शकतो. संगणकावर त्रिमितीय चित्रे घडविणाऱ्या प्रणालींतही मुळाशी लँबर्टचाच नियम आहे. तथापि कोणती छाया ठेवायची आणि कोणती सोडायची, याचा निर्णय आजही पाहणाऱ्याच्या विवेकावरच अवलंबून आहे.